चेनसॉ चालवणाऱ्याच्या अंगावरचं रेडियम जॅकेट त्याला वाचवतं का?

मे महिना उजाडला की वर्सोव्यात यारी रोडपासून सात बंगल्यापर्यंत सकाळी सकाळी एकच आवाज ऐकू येतो. कुठल्या ना कुठल्या सोसायटीत चेनसॉ सुरू असतो. पावसाळ्याआधी गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांच्या वाकलेल्या फांद्या छाटायच्या असतात. मुंबईत यासाठी महापालिकेची परवानगी लागते, कारण १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्यात नुसतं झाड तोडणंच नाही, तर फांद्या छाटणंही येतं. सोसायट्या ते पत्र मिळवतात, कंत्राटदार ठरवतात आणि मग खाली उभं राहून वर बघतात.

वर दिसतो कमरेला दोर बांधलेला माणूस. अंगात बहुतेक वेळा टी-शर्ट, फार तर त्यावर चमकदार पट्ट्यांचं नारिंगी किंवा पोपटी जॅकेट. बघणाऱ्याला वाटतं, चला, सेफ्टीची काळजी घेतलीय.

पण ते रेडियम जॅकेट फक्त 'मी इथे आहे' एवढंच सांगतं. ते गाडीवाल्याला दिसावं म्हणून असतं. चेनसॉच्या साखळीपुढे ते साध्या बनियनइतकंच टिकतं.

मग खरं जॅकेट काय करतं?

अनेकांचा समज असतो की चेनसॉचं जॅकेट म्हणजे चिलखत, साखळी त्यावरून घसरत असेल. तसं होत नाही. साखळी बाहेरचं कापड सहज फाडते. खरी करामत आतल्या थरांत असते. तिथे लांब, चिवट आणि मुद्दाम सैल ठेवलेले धागे असतात. साखळीचे दात ते धागे बाहेर ओढतात, धागे साखळीबरोबर जाऊन तिला फिरवणाऱ्या दातेरी चाकात गुंडाळतात आणि चाक जाम होतं. हे सगळं क्षणाच्या आत घडतं. थोडक्यात, जॅकेट वार अडवत नाही, मशीन गुदमरवतं.

हे नीट लक्षात ठेवा, कारण निवड, धुणं, शिवणं या सगळ्याचं उत्तर यातच आहे.

या जॅकेटांसाठी आयएसओ ११३९३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा सहावा भाग शरीराच्या वरच्या भागाच्या कपड्यांचा. जुन्या मालावर ईएन ३८१-११ असं दिसेल. लेबलवर ढालीत चेनसॉचं चित्र असतं आणि क्लास लिहिलेला असतो. क्लास म्हणजे चाचणीत साखळी किती वेगाने फिरत होती ते. क्लास ० ला सेकंदाला १६ मीटर, क्लास १ ला २०, क्लास २ ला २४ आणि क्लास ३ ला २८. क्लास १ चा वेग म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. बरेच चेनसॉ पूर्ण जोरात याहून वेगाने फिरतात, त्यामुळे मशीनच्या पुस्तिकेतला साखळीचा वेग आणि जॅकेटचा क्लास शेजारी ठेवून बघावेत. क्लास कमी असला तर जॅकेट निरुपयोगी ठरत नाही, पण भरवसा तेवढाच ठेवायचा.

ऑनलाइन खरेदीत एक फसगत हमखास होते. 'कट-रेझिस्टंट लेव्हल ५' असं लिहिलेल्या बाह्या आणि हातमोजे स्वस्तात मिळतात. ते सुरी, काच, पत्रा यांच्यासाठी असतात. ढालीतलं चेनसॉचं चित्र नसेल तर ते या कामाचं नाही, विक्रेता कितीही छातीठोकपणे सांगो.

आधी जॅकेट की आधी पँट?

पँट. जमिनीवर उभं राहून ओंडके कापणाऱ्याच्या पायांना साखळीचा धोका जास्त असतो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर पायांचं संरक्षण आधी घ्यावं, आणि हेल्मेट, चेहऱ्याची जाळी, कानांचं संरक्षण, बूट हे त्याच्या बरोबरीने. जमिनीवरच्या कामाला पुढून संरक्षण देणारी पँट चालते. झाडावर चढणाऱ्याचे पाय कुठेही वळतात, म्हणून त्याला चहूबाजूंनी संरक्षण देणारी 'टाइप सी' पँट हवी.

जॅकेटची पाळी कधी येते? ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेचा सल्ला इथे उपयोगी आहे. तिच्या मते नवशिक्यांना आणि छातीच्या वर सॉ धरणं टाळता येत नाही अशा कामात जॅकेटचा फायदा होतो. पण त्याच दमात ती सांगते की दोरावर लटकून मेहनत करताना अंगात वाढणाऱ्या उष्णतेचाही हिशोब करा.

ब्रिटनमध्ये ही सूचना द्यावी लागत असेल, तर वर्सोव्याच्या मे महिन्याचं काय सांगावं! समुद्राची दमट हवा, घाम वाळत नाही, त्यात अंगावर धाग्यांचे अनेक थर. झाडावर चक्कर येणं हाही अपघातच. म्हणून पाठीला आणि काखेत हवा खेळेल असं जॅकेट निवडावं. बहुतेक जॅकेटांत संरक्षक थर खांदे, बाह्या आणि छातीच्या वरच्या भागातच असतो. पोट आणि पाठ त्यात नसतात, हे घालणाऱ्याला माहीत असायला हवं. काम सकाळी लवकर उरकायचं, मधे पाणी आणि सावलीत बसायला वेळ द्यायचा. हे सोसायटीच्या हातात आहे. 'एका दिवसात संपवा' हा आग्रह धरला की जॅकेट सगळ्यात आधी उतरतं.

झाडावर आणखी एक सवय घातक ठरते: डाव्या हाताने फांदी धरायची आणि उजव्या हाताने छोटा सॉ चालवायचा. सॉ उसळला की डावा हात त्याच्या वाटेत असतो. जॅकेट घालून बघताना दोन्ही हात डोक्यावर न्या. बाही मनगटावरून वर सरकली किंवा कंबर उघडी पडली तर माप चुकलंय. लोंबणाऱ्या दोऱ्या नकोत.

वादळानंतरची कामं वेगळ्याच धोक्याची. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मुंबईत शेकडो झाडं पडली. पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या धनुष्यासारख्या असतात. कापताच सुटतात आणि सॉ हातातून हिसकावतात. अशा कामाला नवशिक्याला लावूच नये.

धुवायचं कसं?

हे धोब्याकडे देऊ नका. दगडावर आपटणं आणि कडक इस्त्री हे दोन्ही या जॅकेटचे शत्रू आहेत. तेल आणि चीक आत मुरला की धागे एकमेकांना चिकटतात, मग ते ओढले जात नाहीत. म्हणून धुवायचं तर आहेच, पण लेबलवर दिलेल्या तापमानाच्या पाण्यात, सौम्य साबणाने. ब्लीच नको, ड्रायक्लीन नको, डाग काढायला रॉकेल किंवा पेट्रोल तर मुळीच नको. वाळवायचं सावलीत. जुलैत सावलीतही वाळत नाही, तेव्हा पंख्याखाली टांगा. ओलं जॅकेट पेट्रोलच्या कॅनशेजारी गोणीत कोंबलं तर बुरशीही येते आणि वासही.

फाटलं तर? रफूवाल्याकडे नेऊ नका. सुई आतल्या थरातून गेली की सैल धागे जागच्या जागी टाचले जातात. फक्त वरचं कापड उसवलं असेल तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठिगळ चिकटवता येतं. साखळी आतल्या थरापर्यंत एकदा जरी पोचली, तरी ते जॅकेट बाद. बाहेरून भोक नखाएवढं दिसेल, पण तिथले धागे ओढून संपलेले असतात.

आणि बॅटरीवर किंवा विजेवर चालणारा सॉ असेल तर एक जास्तीची सावधगिरी. त्याची मोटर वेग कमी झाला तरी जोर सोडत नाही. धागे गुंडाळले गेले तरी साखळी पेट्रोलच्या सॉइतक्या लवकर थांबेलच असं नाही. घरच्या घरी फांद्या कापायला असा छोटा सॉ मागवणाऱ्यांनी तर शिडीवर चढून तो चालवूच नये.