कॉम्प्युटर तापतोय आणि घोंघावतोय?

मे महिन्यात भिलाईत पारा ४५ च्या आसपास जातो. खोलीच ४० अंशांवर असेल, तर पंखा आत तीच गरम हवा ओढणार आणि आवाज थोडा वाढणारच. पण कॉम्प्युटर मध्येच आपोआप बंद पडत असेल, तर प्रोसेसर १०० अंशांजवळ जाऊन स्वतःला वाचवतोय, अशी दाट शक्यता असते.

आधी आवाज ओळखा. सतत घोंघाट असेल तर पंखा. थांबून थांबून टकटक होत असेल तर बहुधा हार्ड डिस्क. मग साफसफाई राहू द्या, आधी मुलांचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

पंखाच असेल तर प्लग काढून कॅबिनेट उघडा. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या फटींत धुळीची गादी दिसेल. समोर कूलर असेल तर दमट हवेनं ती चांगली चिकटलेली असते (कूलरची तोंडं वळवा हो!). मऊ ब्रशनं काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. पॉवर सप्लाय मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

तरीही तापला, तर हीटसिंकखालची थर्मल पेस्ट वाळली असेल. जुनी पुसा, नवी वाटाण्याएवढीच लावा.