पाण्यात सुती कपडे नकोत

उन्हाळ्यात सुती घालावे, हा नियम एरवी खरा; काशीद किंवा तारकर्लीच्या पाण्यात मात्र तो उलटतो. सुती धागा पाणी धरून ठेवतो. त्यामुळे ओली जीन्स पायांना जड होते. ओढणी तर लाटेत पायातच गुंतते. दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. कापड अतिनील किरण किती अडवते, हे यूपीएफ या आकड्यावरून कळते. त्याचे पहिले मानक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने 1996मध्ये ठरवले. यूपीएफ 50 म्हणजे पन्नासावा हिस्सा, 2 टक्केच किरण आत. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा आकडा कोरडेपणीच 10च्या खाली असतो, भिजल्यावर आणखी घसरतो. घट्ट विणीचे, गडद पॉलिस्टर किंवा नायलॉन इथे सरस ठरते, वाळतेही लवकर.

गडद रंग तापतो, सिंथेटिकमध्ये घामाने जीव नकोसा होतो, हा आक्षेप वाळूत बसून राहणाऱ्यांपुरता रास्त आहे. त्यांनी सैल, पूर्ण बाह्यांचे सुतीच घालावे. पाण्यात उतरणाऱ्याला ती चिंता कमी. संकोच वाटत असेल, तर लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालाव्यात. भिजलेली पांढरी कुर्ती तसेही अंग झाकत नाही. राहिला खर्च. त्यासाठी महागडा ब्रँड लागत नाही. घरातली खेळाची जर्सी उजेडासमोर धरा. आरपार दिसत नसेल तर बहुधा चालेल. मान आणि पावले उघडीच राहतात, तिथे सनस्क्रीन लावा आणि परतीसाठी एक सुती जोड पिशवीत कोरडा ठेवा.