ठिपक्यांवर जाऊ नका, पाठ बघा

शिवडीच्या चाळीत गॅलरीतल्या डब्यात वांग्याचं रोप असेल, तर त्यावर ठिपकेवाले ढालकिडे दिसू शकतात. ते सगळेच मित्र नसतात. 28 ठिपक्यांचा एपिलॅक्ना भुंगेरा वांग्याची पानं खातो. काळ्या नागमोडी रेषांचा त्याचा भाऊबंद मावा फस्त करतो. कूळ मात्र एकच.

भिंग घेऊन बघा. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून तो मळकट दिसतो. शिकाऱ्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत. एपिलॅक्ना दातेरी जबड्याने पानाचा हिरवा गर खरवडतो, मागे शिरांची जाळी उरते. त्याची पिवळट अळी काटेरी असते. शिकाऱ्याची अळी काळपट, लांब पायांची, चपळ. लोक तिलाच कीड समजून चिरडतात, याचं फार वाईट वाटतं.

याच कुळातला शिकारी, ऑस्ट्रेलियाचा क्रिप्टोलिमस भुंगेरा तर 1898 साली मुद्दाम भारतात आणला. आपल्या द्राक्षबागांत तो पिठ्या ढेकणांवर सोडतात. त्याची मेणकट पांढरी अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते!

तेव्हा एपिलॅक्ना हाताने वेचा. सरसकट फवारणी मात्र करू नका, तिने शिकारीही मरतो.