बंदुकीविना बदकांच्या मागावर

जालन्याला नव्याने आलेल्या माणसाला हे शहर कळतं ते स्टीलच्या कारखान्यांवरून, बियाण्यांच्या कंपन्यांवरून आणि मोसंबीवरून. पावसाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दर दोन-चार वर्षांनी हात आखडता घेणारा. 2012-13च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी जालना एक. अशा जिल्ह्यात मध्य आशियातून, सैबेरियातून रानबदकं मुक्कामाला येतात, हे सांगून कुणाला चटकन पटत नाही. पण ती येतात. दिवाळीचे आकाशकंदील उतरवण्याच्या सुमारास त्यांचे थवे उतरू लागतात आणि मार्चपर्यंत राहतात.

कुणी परदेशात राहून आलेला असतो, कुणाच्या आजोबांकडे परवान्याची बंदूक असते. अशी माणसं हमखास विचारतात, इथे बदकांची शिकार कुठे करता येते? उत्तर दोन शब्दांचं आहे: कुठेही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला. सुरुवातीला त्यात ठरावीक प्राण्या-पक्ष्यांसाठी परवाना घेऊन शिकारीची सोय होती. 1991च्या दुरुस्तीने ती दारं बंद झाली. कायद्यातली शिकारीची व्याख्याही ऐसपैस आहे. गोळी घालणं तर आलंच. फास लावणं, जाळ्यात धरणं, विष घालणं, अंडी किंवा घरटं मोडणं हेही तिच्यात येतं. 2022च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत परवाना काढून, 1934पासून चालत आलेलं बदकांचं सरकारी तिकीट विकत घेऊन शिकार करता येते, आणि त्या तिकिटाच्या पैशातून तिथे पाणथळ जागा राखल्या जातात. ती व्यवस्था तिथली. आपल्याकडे प्रश्न मिटलेला आहे, आणि तो मिटला हे फार चांगलं झालं असं मला मनापासून वाटतं. भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीने एका दिवसात 4,273 पक्षी पाडले. हा आकडा वाचल्यावर परवान्याच्या शिस्तीवर विश्वास ठेवावासा वाटत नाही.

तरीही जुन्या शिकाऱ्यांकडून घेण्यासारखं बरंच आहे. अनोळखी मुलखात पाणी कसं शोधायचं, पक्षी कुठे बसेल, वारा कुठून आहे, कुणाला विचारायचं, कुठे थांबायचं. चाप ओढण्याआधीची ही सगळी विद्या दुर्बीण घेऊन निघालेल्या माणसालाही तंतोतंत लागते. उरलेला लेख तिच्याबद्दल आहे.

या विद्येचा एक मोठा माणूस जालन्यातच राहून गेला. एकोणिसाव्या शतकात जालना ही लष्करी छावणी होती. 1830च्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या दुसऱ्या लाइट कॅव्हलरीबरोबर टॉमस जर्डन नावाचा डॉक्टर दख्खनमध्ये आला आणि जवळपास चार वर्षं या भागात राहिला. मुलूख नवा, पक्षी नवे, ओळख पटवायला हाताशी पुस्तक नाही. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो पाडून, कातडं पेंढा भरून टिकवायचा. जर्डनने आपला संग्रह ओळख पटवण्यासाठी स्कॉटलंडला सर विल्यम जार्डाइन यांच्याकडे पाठवला. पेट्या पोहोचेपर्यंत त्यात कसर लागलेली होती. त्यानंतर त्याने स्वतःच्या डोळ्यांवर आणि नोंदींवर भिस्त ठेवली. 1839पासून मद्रासच्या नियतकालिकात त्याची भारतीय द्वीपकल्पातल्या पक्ष्यांची यादी छापून येऊ लागली. 1862 ते 1864 या काळात भारतीय पक्ष्यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात जालन्याचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगात पुन्हा पुन्हा भेटतं. आज दुर्बिणीतून पक्षी बघून आपण बिनधास्त नाव सांगतो, त्याच्या पायाशी जालन्याच्या माळावरची जर्डनची पायपीट आहे.

जर्डनच्या वेळचा जालना आणि आजचा जालना यांत पाण्याच्या बाबतीत मात्र मोठा फरक पडला आहे. तेव्हा होत्या नद्यांचे डोह, गावतळी आणि शहराजवळची जुनी तळी. गोदावरी, दुधना, पूर्णा, कुंडलिका या नद्या हिवाळा सरेपर्यंत आटत येत. आजची बदकं बहुतांशी माणसाने अडवलेल्या पाण्यावर उतरतात. शहराला पाणी पुरवणारा निजामकाळातला घाणेवाडी जलाशय, बदनापूरकडे सोमठाण्याचा अप्पर दुधना, अंबडकडचा गल्हाटी, भोकरदनमधला जुई, जाफराबादच्या अकोलादेवचा जीवरेखा. परतूर-मंठ्याच्या बाजूला निम्न दुधनेचं बॅकवॉटर. आणि सगळ्यांचा थोरला म्हणजे पैठणचा नाथसागर. तो जिल्ह्याबाहेर असला तरी दीड-दोन तासांत गाठता येतो. जायकवाडीचं धरण 1976 साली पूर्ण झालं. त्याच्या विस्तीर्ण, उथळ फुगवट्याला 1986 साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचं क्षेत्र 341 चौरस किलोमीटर आहे.

याशिवाय आहेत ते पाझर तलाव. 1972च्या दुष्काळात हाताला काम म्हणून मराठवाड्यातल्या लोकांनी खडी फोडली, माती वाहिली, बांध घातले. ज्या वर्षी दिल्लीत वन्यजीवांचा कायदा झाला, त्याच वर्षी इकडे भुकेल्या माणसांनी पुढे बदकांना आसरा देणारी पाण्याची ठिकाणं उभी करायला घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कागदोपत्री काही संबंध नाही. पण एखाद्या पाझर तलावावर थापट्या जातीची पन्नासेक बदकं चरताना दिसली की मला त्या बांधावर पाट्या वाहिलेल्या माणसांची आठवण येतेच.

नवख्याने नकाशात निळे ठिपके शोधून निघू नये. कडवंची आणि आसपासच्या गावांनी शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षं पिकवली, हे मोठं काम आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात ही शेततळी चकाकतात. पण तळाशी प्लॅस्टिकचा कागद, कडा उभ्या, चिखल नाही, शेवाळ-गवत नाही. तिथे बदकाला खायला काही मिळत नाही. बदकाला हवा उतरता काठ. पाण्यात डोकं बुडवून, शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांना गुडघाभर पाणी पुरतं: थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक, आपलं बारमाही हळदी-कुंकू. बुडी मारणाऱ्या लालसरीला आणि शेंडी बदकाला खोल पाणी लागतं. उडतानाही फरक दिसतो. पहिल्या गटातली बदकं पाण्यावरून सरळ वर झेपावतात. दुसऱ्या गटातली पाण्यावर पावलं मारत धावतात आणि मग उचलली जातात. नाव येत नसलं तरी एवढ्यावरून निम्मी ओळख पटते.

ऋतूचं गणितही पाण्याच्या खोलीवर बसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरणं तुडुंब असतात, काठ बुडालेले असतात, म्हणून बदकं विखुरतात. तेव्हा लहान पाझर तलाव आणि गावतळी बघावीत. याच दिवसांत पावसाळ्यात घरटी केलेल्या हळदी-कुंकू बदकांची मोठी झालेली पिल्लं दिसतात. झाडांच्या ढोलीत घरटं करणाऱ्या अडई आणि काणूक या बदकांचीही कुटुंबं याच सुमारास नजरेला पडतात. जानेवारी उजाडला, कालवे सुटले, पाणी उतरू लागलं की मोठ्या धरणांचे काठ उघडे पडतात आणि मेजवानी तिकडे सरकते. उघड्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. हरभऱ्याच्या, गव्हाच्या त्या कोवळ्या पिकात चक्रवाक आणि पट्टकादंब चरायला येतात. शेतकऱ्याला ते आवडत नाही आणि त्याचं चुकत नाही. त्याच्या पिकातून चालत जाऊन फोटो काढणारे मात्र चुकतात.

थापट्याजवळ थोडं थांबावं. त्याची चोच पुढे फावड्यासारखी पसरट असते. नराचं डोकं गडद हिरवं, छाती पांढरी, कुशी तांबूस. तो मान लांब करून चोच पाण्याच्या पातळीत धरतो आणि डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. चोचीच्या कडांना बारीक दातऱ्यांची झालर असते. पाणी बाहेर पडतं. सूक्ष्म किडे, बिया, शेवाळ आत राहतं. बऱ्याचदा दहा-पंधरा थापटे एकत्र येऊन गोल गोल फिरतात. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं मागच्याच्या चोचीत जातं. गाळाने गढूळ झालेलं काळ्या मातीचं आपलं पाणी त्यांना मानवतं ते यामुळे.

आता काठावर कसं जायचं. सकाळी पूर्वेच्या काठावर, दुपारनंतर पश्चिमेच्या. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर समोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. हिवाळ्यात वारा असेल तर बदकं आडोशाच्या काठाला बसतात, आणि उतरताना-उडताना वाऱ्याला तोंड करतात. तुम्ही कुठे बसायचं हे त्यावर ठरतं. धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस मैलभरावरून दिसतो. तेव्हा बांधाच्या उतारावर, एखाद्या बाभळीला धरून बसावं. कपडे मळकट रंगाचे असावेत. दुर्बीण 8x42 किंवा 10x42 पुरे. नाथसागरासारख्या ठिकाणी तिपाईवरची टेलिस्कोप मिळाली तर उत्तम. चरणारी बदकं एकदम माना उंचावून एकमेकांजवळ सरकू लागली की समजावं, आपण फार पुढे आलो. तिथेच थांबावं, जमल्यास चार पावलं मागे यावं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला तुमच्या फोटोसाठी पुन्हा उडायला लावणं हा त्याच्या पोटावर पाय आहे. मोजदादीचीही रीत आहे. दहा पक्षी नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरायचं, आणि थव्यावर तेवढी तेवढी जागा मोजत जायचं.

कॅमेऱ्यापेक्षा मोठी शिदोरी म्हणजे काठावरची माणसं. मासेमारी करणारे भोई, शेळ्या राखणारी पोरं, मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर. गळ्यात दुर्बीण बघून कुणीतरी विचारतंच, "काय बघायलात, भाऊ?" "बदकं बघायलोय, मामा." एवढं म्हटलं की मामा बसतात. परवा कुठल्या काठाला थवा होता, रात्री बदकं कुठल्या रानात चरायला जातात, कुणाच्या जाळ्यात कधी बुडी मारणारं बदक अडकून मेलं, हे सगळं तिथे कळतं. फासेपारधी समाजाकडे तर पक्ष्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. इंग्रजी अमदानीत या समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. 1952 साली तो कागदावरून पुसला गेला, पण लोकांच्या मनातून पूर्ण गेलेला नाही. अकोला-वाशिमकडे याच समाजातली माणसं आज माळरानावरच्या तणमोराच्या रक्षणात पुढे आहेत. त्यांच्याशी आदराने बोलणाऱ्याला पुस्तकात नसलेलं शिकायला मिळतं.

पुस्तक हवंच. मारुती चितमपल्ली यांच्या पक्षीकोशात प्रादेशिक नावांचा खजिना आहे, आणि गावागणिक नावं बदलतात म्हणून तो जवळ असावा. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक अजूनही चांगली सोबत करतं. कुठे फास, विषारी धान्य, छऱ्याची बंदूक दिसली तर स्वतः हुज्जत घालू नये. ठिकाण आणि वेळ टिपून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. ती 1987 साली सुरू झाली आणि तिच्यात कुणालाही भाग घेता येतो. नाथसागरावर माणसं पोहोचतात. भोकरदन-जाफराबादच्या लहान धरणांवर फार कमी जातात. नवख्याने एक धरण आपलं मानावं आणि दर हिवाळ्यात तेच मोजावं. पाच वर्षांच्या अशा नोंदी म्हणजे त्या पाण्याचा इतिहास होतो.

मोजताना पायांकडे आणि मानेकडे लक्ष असू द्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959पासून पक्ष्यांच्या पायात मोठ्या प्रमाणावर कड्या घालायला घेतल्या. आपल्याकडे कडी घातलेली बदकं पुढे सोव्हिएत प्रदेशात शिकाऱ्यांच्या हाती लागली, कडीवरचा मजकूर वाचून पत्रं आली, आणि बदकं कुठून येतात याचं कोडं सुटत गेलं. आता कडी वाचायला पक्षी मारावा लागत नाही. पट्टकादंबाच्या गळ्यात रंगीत पट्टा असतो, त्यावर ठळक अक्षरं असतात. मंगोलियात पट्टा घातलेले पट्टकादंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. हिमालय ओलांडताना सहा हजार मीटरपेक्षा उंच उडणारा हा पक्षी गाळपेरीच्या हरभऱ्यात दिसला, तर पट्ट्याचा रंग, अक्षरं आणि त्यांचा क्रम, कडी असेल तर ती कुठल्या पायात आहे, तारीख, धरणाचं आणि गावाचं नाव एवढं लिहून घ्यावं आणि सोसायटीच्या मुंबईतल्या कार्यालयाला, हॉर्नबिल हाउसला, कळवावं. अक्षर अर्धवट दिसलं असेल तर अंदाजाने पूर्ण करू नये, तसंच लिहावं.