मित्रांचा आग्रह आणि आपला नकार

व्यसनमुक्तीवर लेख लिहायचा म्हटला की दुष्परिणामांची यादी देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती यादी चुकीची नसते, पण ती तरुणांना आधीच ठाऊक असते. तंबाखूच्या पुडीवर कॅन्सरचे चित्र छापलेले असते आणि ते चित्र पाहतच पुडी फोडली जाते. याचे कारण असे की बहुतेकांच्या आयुष्यातला पहिला खर्रा स्वतः विकत घेतलेला नसतो. तो मित्राने हातावर ठेवलेला असतो. पहिला घोटही कोणीतरी वर्गातला, वस्तीतला किंवा कामावरचा सोबतीच पाजतो. म्हणून या लेखात आम्ही व्यसनापेक्षा त्या आग्रहाचा विचार करणार आहोत. आग्रह कसा होतो, तो इतका परिणामकारक का ठरतो आणि मैत्री न तोडता त्याला 'नाही' कसे म्हणावे, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या भागातले चित्र

चिखला, सीतासावंगी, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग हा आपला परिसर मँगनीजच्या खाणींचा. मॉईलमध्ये कायम नोकरीवर असलेले, ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाणारे आणि शेतीवर पोट असलेले, असे सर्व लोक एकाच पानठेल्यावर भेटतात. भाजलेल्या सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार होतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण ठेल्यावर घोटून दिला जाणारा खर्रा सगळ्या पूर्व विदर्भात राजरोस चालतो.

खर्र्याची खरी अडचण ही की तो एकट्याने खायचा पदार्थ नाही. एक पुडी चौघांत वाटली जाते. भेट झाली की नमस्काराच्या आधी पुडी पुढे येते. त्यामुळे खर्रा नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे असा अर्थ निघतो. पाळी संपल्यावर थकवा घालवण्यासाठी म्हणून मोहाची दारू, वरातीत नाचायचे म्हणून पव्वा आणि अलीकडे काही ठिकाणी मुलांच्या टोळक्यात गांजाची चिलीम, या सर्वांचा प्रवेश याच दाराने होतो.

आग्रह कसा केला जातो?

आग्रहाचे तीन प्रकार आम्हाला दिसतात.

पहिला उघड आग्रह. "घे ना बे, एका चिमटीनं काय होते?" हा सर्वांत सोपा प्रकार, कारण त्यात निदान समोरासमोर बोलणे असते.

दुसरा टोमण्याचा. "तू काय साधू झाला का बे?", "याले घरी मायले विचारा लागते." इथे वस्तू पुढे केली जात नाही, माणसाच्या मर्दानगीला डिवचले जाते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कॅन्सरपेक्षा हा टोमणा जास्त लागतो.

तिसरा मुका आग्रह. कोणी काही म्हणत नाही, पण सगळे खात असतात आणि एकटाच रिकाम्या तोंडाने बसलेला असतो. हा प्रकार सर्वांत अवघड. कारण 'नाही' म्हणायला समोर प्रश्नच नसतो.

मित्र असे का करतो, हेही समजून घेतले पाहिजे. तो बहुधा वाईट हेतूने करत नाही. आपण करतो ते बरोबर नाही, ही शंका त्याच्याही मनात असते. सगळ्यांनी घेतले की ती शंका झाकली जाते. एकाने नाही म्हटले की ती उघडी पडते. म्हणून नाही म्हणणाऱ्यावर गट चिडतो. ही चीड आपल्यावर नसून त्या शंकेवर आहे, एवढे कळले तरी टोमण्याची धार कमी होते.

गटापुढे माणूस का नमतो?

अमेरिकेत सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास एक प्रयोग केला. काही माणसांना एकत्र बसवून एक रेघ दाखवली आणि दुसऱ्या कागदावरच्या तीन रेघांपैकी तिच्या लांबीची कोणती, असे विचारले. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. पण एक सोडून बाकी सर्वजण अॅशने आधीच पढवलेले होते आणि ते मुद्दाम एकसारखे चुकीचे उत्तर देत. अशा प्रसंगी त्या एकट्या माणसाने सुमारे एक तृतीयांश वेळा सर्वांसारखेच चुकीचे उत्तर दिले. चारपैकी तिघे निदान एकदा तरी नमले. म्हणजे डोळ्यांपुढच्या रेघेबद्दलसुद्धा माणूस गटापुढे झुकतो. मग पानठेल्यावरच्या मुलाला कमजोर म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

पण या प्रयोगाचा दुसरा भाग आपल्या जास्त उपयोगाचा आहे. गटातल्या फक्त एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी त्या माणसाचे नमणे एकदम कमी झाले. संपूर्ण गट बदलावा लागला नाही. एक सोबती पुरला.

वयाचाही संबंध आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा एक खेळ संगणकावर खेळायला दिला. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतले त्यापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. प्रौढांवर असा परिणाम दिसला नाही. घरी शहाण्यासारखा वागणारा मुलगा मित्रांत वेगळा का होतो, याचे उत्तर यात आहे.

'सगळेच घेतात' हे खरे काय?

आग्रहातले सर्वांत मोठे शस्त्र म्हणजे "सगळेच खातात" हे वाक्य. ते आकड्यांवर टिकत नाही. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. पुरुषांत हे प्रमाण ३५.५ टक्के होते. म्हणजे शंभर पुरुषांतले चौसष्ट तंबाखू घेत नव्हते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के होते. पुरुषांचाच हिशेब केला तरी ते सुमारे २७ टक्के भरते. न घेणारे नेहमीच जास्त असतात, पण ते ठेल्यावर उभे नसल्यामुळे दिसत नाहीत.

शरीर आणि खिसा

सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर चालते, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते. आधी तिखट झोंबते, मग तोंड पूर्ण उघडत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दाताच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

आता खिशाचे. आम्ही बँकेच्या काऊंटरवर बसणारी माणसे, आम्हाला हिशेबाची भाषा जास्त कळते. समजा, वीस रुपयांचा खर्रा दिवसातून चार वेळा झाला. दिवसाचे ८०, महिन्याचे २,४०० आणि वर्षाचे २९,२०० रुपये झाले. तेच महिन्याचे २,४०० रुपये आवर्ती ठेवीत पाच वर्षे भरले तर नुसते मुद्दल १,४४,००० रुपये होते, व्याज वेगळे. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी किंवा घरावरच्या स्लॅबसाठी कर्ज मागायला येणाऱ्या कित्येक घरांत एवढी रक्कम खर्र्यात विरघळून गेलेली असते. शिवाय पुडी वाटून खायची असल्यामुळे हा खर्च एकट्याचा राहत नाही. ज्याचा पगार झाला, त्याच्या नावावर त्या दिवशी सगळ्यांचे होते.

नाही कसे म्हणावे?

(१) आधी ठरवून ठेवावे. ठेल्यावर पोचल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. वरातीला जाण्यापूर्वीच मनाशी वाक्य पक्के असावे.

(२) वाक्य लहान असावे. "नाही बे, मी खात नाही." बस. "आज नको" म्हटले की "मग उद्या" ठरलेले. "पोट बरं नाही" म्हटले की "याच्यानं बरं होते" असे उत्तर तयार असते. कारण दिले की त्यावर वाद होतो. 'मी खात नाही' यावर वाद करायला जागा उरत नाही.

(३) तेच वाक्य पुन्हा म्हणावे. चिडू नये. साधारणपणे दोन-तीन वेळा विचारून माणूस थकतो.

(४) उपदेश करू नये. आपण घेत नाही एवढेच सांगावे. "तुम्ही पण सोडा" असे त्याच वेळी म्हटले की भांडण उभे राहते. ते एकांतात, दुसऱ्या दिवशी सांगावे.

(५) वस्तू नाकारावी, माणूस नाकारू नये. "चल, चहा घेऊ, पैसे मी देतो" असे म्हटले की मैत्रीवर आच येत नाही.

(६) एक सोबती जोडावा. अॅशच्या प्रयोगातला धडा हाच. दोघांनी मिळून ठरवले की वरातीत दोघांचाही नकार टिकतो.

(७) उठून निघावे. सर्व करूनही जबरदस्ती झाली तर तिथे बसून राहण्यात शौर्य नाही. कोणाच्या पेल्यात फसवून काही मिसळणे हा गुन्हा आहे, गंमत नव्हे.

(८) दुसऱ्याची पुडी खिशात ठेवू नये. "जरा धर" म्हणून दिलेल्या पुडीत गांजा निघाला तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ज्याच्याजवळ माल सापडतो, त्याच्यावर कारवाई होते. मित्राची पुडी होती हे नंतर सिद्ध करत बसावे लागते.

खाणीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. जमिनीखाली, सुरुंगाच्या आणि यंत्रांच्या जवळ काम करताना एकाची झिंग चौघांच्या जिवावर बेतते. तिथे सोबत्याला नाही म्हणणे म्हणजे त्याचाही जीव वाचवणे होय.

मित्र कोण?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला मित्रांची पारख सांगितली आहे. मद्यपान, अवेळी गल्लीबोळांतून फिरणे, जुगार यांत जो सोबत करतो, त्याला तिथे 'अपायसहाय' म्हणजे नाशातला सोबती म्हटले आहे आणि तो मित्राच्या रूपातला परका मानला आहे. खरा मित्र तो, जो आपण बेसावध असताना आपले आणि आपल्या चीजवस्तूचे रक्षण करतो. नशेमुळे धन जाते, कलह वाढतो, रोग जडतात, अपकीर्ती होते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते, असे सहा तोटेही त्याच सुत्तात मोजून दिले आहेत. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ही गोष्ट विहारात सर्वांना पाठ असते. तरीही १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेसमोर नाचणाऱ्या काही पोरांच्या तोंडाचा वास येतो. त्यांना रागावून घालवून देण्याऐवजी, मिरवणुकीआधी त्यांच्यातल्याच दोघाचौघांवर व्यवस्थेची जबाबदारी सोपवली तर तो 'एक सोबती' गटातच तयार होतो.

पालकांनी आणि मंडळाने काय करावे?

मुलाला खर्रा आणायला ठेल्यावर पाठवणे प्रथम बंद करावे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकता येत नाही. ग्रामसभेत हा मुद्दा मांडता येतो. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. त्या चळवळीत गावोगावच्या स्त्रिया पुढे होत्या, हे आपल्या महिला मंडळाने ध्यानात घ्यावे. मुलाने घरी येऊन "मला मित्रांनी आग्रह केला" असे सांगितले तर त्याच्या मित्रांना शिव्या देऊ नयेत. पुढच्या वेळी तो सांगणार नाही. त्याने काय उत्तर दिले ते विचारावे आणि त्याला वाक्य जुळवायला मदत करावी.

जो आधीच अडकला आहे, त्याला वाळीत टाकू नये. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतो, हे या केंद्राने महाराष्ट्राला पटवून दिले. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो. अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद करू नये. हातपाय थरथरणे, झटके येणे असा धोका असतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पिऊन बेशुद्ध पडलेल्या मित्राला तसेच टाकून पळू नये. त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

शेवटी, तरुण मित्रांनो, 'नाही' हा शब्द म्हणायला एक क्षण लागतो, पण त्याची तयारी घरात, विहारात आणि चांगल्या सोबतीत आधीपासून व्हावी लागते. ती तयारी करून देणे हे आम्हा वडीलधाऱ्यांचे काम आहे आणि ठेल्यासमोर उभे राहून तो शब्द उच्चारणे हे तुमचे. यंदाच्या वर्षात आपल्या गटातल्या एका तरी मित्राचा 'एक सोबती' होऊन दाखवा.

जय भीम.