कंपवाताची चाहूल

हात थरथरू लागला म्हणजे कंपवात, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. पण हा पाहुणा दाराची कडी वाजवून येत नाही! आमच्या घरी तो प्रथम आला तो हिशेबाच्या वहीत. मामंजींचे जन्मभराचे टपोरे अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत होत मुंगीएवढे होऊ लागले. चालताना उजवा हात हलेना. सदऱ्याची बटणे लावायला दहा मिनिटे. फोडणीचा वास तर त्याआधीच येईनासा झाला होता. “वय झालं हो!” शेजारणींनी निकाल देऊन टाकला.

थरथर मात्र नव्हती. ती सर्वांनाच असते असे नाही, हे मेंदूविकारतज्ज्ञांकडून कळले. नेहमीच्या रक्ततपासणीत हा रोग सापडत नाही. त्यांनी मामंजींना चालवून पाहिले, चिमूट भराभर उघडायला-मिटायला लावली आणि निदान केले.

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होत जातात आणि हालचाली मंदावतात. रोग समूळ जात नाही; पण लेव्होडोपाच्या गोळीने पुष्कळ काही परत मिळते. (खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते. म्हणून कोणी घरच्या घरी चूर्ण चाटवू नये. त्यात औषध किती गेले हे कळत नाही.)

या गोळीचे खरे पथ्य म्हणजे घड्याळ. आमच्याकडे ७, १२ आणि ५. तीही जेवणाआधी अर्धा तास, कारण डाळ-दुधातील प्रथिने तिच्या आड येतात. मोतीबिंदूसाठी मामंजींना एका इस्पितळात ठेवले होते. तिथे “गोळ्या आमच्या वेळेनं देऊ” म्हणून डबी काढून घेतली. संध्याकाळी त्यांना कूस बदलता येईना! तेव्हापासून सासूबाई वेळांचा कागद पदराला बांधूनच निघतात.

उंबरठ्याशी त्यांचे पाय अजूनही खिळतात. अशा वेळी हात धरून ओढले तर माणूस पडतो. ताल दिला तर चालतो. आमचा बंड्या कवायतीच्या थाटात “डावा! उजवा!” ओरडतो, आणि मामंजी त्याच्यावर खेकसत का होईना, उंबरठा ओलांडतात.