शिक्षकाची पदवी आणि आठवड्याचे तास



कामगार चळवळीतल्या माणसाने नाट्यशिक्षणावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. नाटकाविषयी अधिकारवाणीने काही सांगण्याचा माझा दावा नाही. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि पुढे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु दिवसभर शाळेत शिकवायचे आणि त्याच वेळी नाट्यशिक्षणातली पदव्युत्तर पदवी घ्यायची, हा प्रश्न जितका कलेचा तितकाच कामाच्या तासांचा आहे. आणि तासांचा हिशेब करण्यातच आमचा जन्म गेला.

प्रथम ही पदवी कशाची, ते पाहू. नाट्यशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळेचे स्नेहसंमेलन उभे राहते. पाठांतरे, भाड्याचे पोशाख, आणि मागल्या रांगेत झाड म्हणून उभी केलेली दहा मुले! तेही असू द्यावे. पण हे शास्त्र निराळे आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली निघाले ते रंगभूमीसाठी माणसे घडवायला. नाट्यशिक्षणाच्या पदवीधराला नट घडवायचे नसतात. इतिहास, भाषा, नागरिकशास्त्र हेच विषय मुलांना एखाद्या प्रसंगात उभे करून शिकवायचे असतात. तिथे पडदा नाही, प्रेक्षक नाहीत आणि टाळ्याही नाहीत.

एक उदाहरण घेतो. १८८४ सालच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार सह्या झाल्या. हा धडा वाचून दाखवायला दहा मिनिटे पुरतात. नाट्यशिक्षण जाणणारी शिक्षिका काय करील? ती वर्गातल्या मुलांना गिरणीत नेईल. कोणी साच्यावरचा, कोणी कताईतला. बाकावर अर्ज ठेवलेला आहे. सही करायची की नाही? केली आणि कामावरून काढले, तर घरी काय सांगायचे? मुले आपसांत वाद घालू लागतात, इतक्यात बाई स्वतःच जॉबर होऊन आत येतात आणि दरडावून विचारतात, "काय लपवलंत रे?" एखादा मुलगा चटकन कागद दप्तराखाली सारतो. त्या क्षणी बाई पुन्हा बाई होतात आणि शांतपणे विचारतात, "तू कागद का लपवलास?" त्या मुलाच्या उत्तरात संघटनेचा, भीतीचा आणि पोटाचा सगळा इतिहास येतो.

यातले कसब कशात आहे? भूमिकेत केव्हा शिरावे, केव्हा बाहेर यावे, कोणता प्रश्न विचारावा आणि, सर्वांत अवघड म्हणजे, केव्हा गप्प राहावे, यात. हे पुस्तक वाचून येत नाही. बुधवारी वर्गात करून पाहावे, शनिवारी ते बरोबरीच्या अभ्यासकांपुढे मांडावे, त्यांची टीका ऐकावी आणि सोमवारी पुन्हा करावे, असे ते शिक्षण आहे. म्हणून इथे एक पेच पडतो. नोकरी सोडून शिकायला गेलेल्या शिक्षकाला वेळ मिळतो, पण त्याचा वर्ग जातो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याकडे वर्ग असतो, पण वेळ नसतो. सारी गोम इथे आहे.

हा पेच इंग्लंडात एका काळी बऱ्यापैकी सुटला होता. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत डोरोथी हीथकोट यांचे नाव अग्रभागी येते. जन्म १९२६ चा, यॉर्कशायरातल्या स्टीटन गावचा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ही मुलगी लोकरीच्या गिरणीत मागावर उभी राहिली. पुढे तिच्या नाट्यशाळेची फी गिरणीच्या मालकाने भरली. (मालकवर्गाविषयी चांगले बोलण्याची संधी मला क्वचितच मिळते, ती मी दवडत नाही.) हाती पदवी नसताना वयाच्या पंचविशीच्या आत न्यूकॅसलला शिक्षकांना शिकवण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली आणि १९८६ पर्यंत त्या तिथे राहिल्या. त्यांच्याकडे नवशिके येत नसत. अनेक वर्षे शिकवलेले शिक्षक वर्षभराच्या अभ्यासक्रमाला येत. बाई त्यांच्यासमोर खऱ्या मुलांचा वर्ग घेत आणि मग त्यावर चर्चा चाले. कसलेल्या कारागिराशेजारी उभे राहून काम शिकावे, तसेच हे. २०११ साली त्या वारल्या.

आता या शिक्षकांच्या घरी चूल कशी पेटत होती? अनुभवी शिक्षकाचा पगार चालू ठेवून त्याला अभ्यासासाठी मोकळे करण्याची रीत त्या देशात होती. १९७२ साली लॉर्ड जेम्स यांच्या समितीने तर शिफारस केली की प्रत्येक शिक्षकाला दर सात वर्षांत एक सत्र पगारी अभ्यासासाठी मिळावे, आणि तो त्याचा हक्क असावा. 'हक्क' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मेहेरबानीने मिळालेली रजा मेहेरबानीनेच काढून घेता येते. शिफारस पुरती अमलात कधी आली नाही. आणि १९८० नंतरच्या दशकात सरकारी पैशाची व्यवस्था बदलली, तशा वर्षभराच्या पगारी रजाही आटत गेल्या.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथे शिक्षकाच्या पगाराचे तक्ते वर्षे आणि पदवी यांवर बेतलेले असतात. १९२१ साली डेन्व्हर आणि दे मॉइन या शहरांनी ही पद्धत प्रथम घेतली. पदवी वाढली की पगाराचा रकाना बदलतो. त्यामुळे काही विद्यापीठे केवळ नोकरदार नाट्यशिक्षकांसाठी लांब उन्हाळी सुट्टीत अभ्यासक्रम चालवतात. वर्ग सुटत नाही, हे चांगले. परंतु खर्च पुष्कळदा शिक्षकाच्याच खिशातून जातो आणि विश्रांतीचा काळही त्याचाच जातो.

आपल्याकडे काय? मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये नाट्यकलेची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे, पण ती पूर्ण वेळेची. वर्ग सांभाळून नाटक करणारी माणसे आपल्यात होतीच. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि मुलांच्या रंगभूमीसाठी त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. तो त्यांचा पिंड होता. प्रत्येक शिक्षकाकडून असा पिंड मागून व्यवस्था चालत नाही.

हिशेब मांडू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे किमान तास, तयारी धरून, आठवड्याला ४५ आहेत. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण ही कामे त्याच कायद्याने शिक्षकाच्या माथी ठेवली आहेत, ती वेगळीच. नव्या श्रेयांक आराखड्याप्रमाणे वर्षाचा अभ्यास १,२०० तासांचा, म्हणजे दोन वर्षांचा २,४००. एकही आठवडा न चुकवता १०४ आठवड्यांवर वाटले, तर आठवड्याला २३ तास. पंचेचाळीस आणि तेवीस, अडुसष्ट! १९४८ च्या कारखाने कायद्याने मजुराला आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले होते. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार इथे पहिल्या फटक्यात जातो.

मात्र वर्गातले काम अभ्यासातच धरले, तर हिशेब बदलतो. मघाचा गिरणीचा तास हे शिकवणेही आहे आणि विद्यापीठाचे प्रात्यक्षिकही. २,४०० पैकी चौथा हिस्सा, ६०० तास, असे शाळेतच भागले तर आठवड्याला सुमारे १७ तास उरतात, बेरीज ६२. तरीही भार मोठाच. उरलेला कमी करायचा तर शाळेने तास सोडले पाहिजेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण असावे असे म्हटले आणि त्यात नाटकही घातले. विषय कागदावर घालायला खर्च येत नाही. तो शिकवणारा तयार करायला येतो.

गेल्या वर्षी एका खासगी शाळेतल्या शिक्षिका माझ्याकडे सल्ल्याला आल्या. त्यांना शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाला नाव घालायचे होते. आम्ही बसून अर्ज केला. एक आड एक शनिवार मोकळा मिळावा. प्रबंधाचे काम स्वतःच्याच सातवीच्या वर्गात करू द्यावे, आणि तशी लेखी संमती मुख्याध्यापिकांनी द्यावी. आणि तिसरे, दोन वर्षे स्नेहसंमेलनाचे काम देऊ नये; कारण बाई नाटकाचे शिकताहेत असे कळताच ते सगळे त्यांच्याच गळ्यात पडणार, हे मला दिसत होते. संस्थेने संमती दिली. शनिवार महिन्यातून एकच दिला. संमेलनाचे कलम मात्र खोडून पाठवले. सध्या त्या एका शनिवारी बाई पहाटेच्या गाडीने जातात, आणि बाकीच्या शनिवारांची टिपणे त्यांची एक सहाध्यायी उतरवून ठेवते.